प्राणवायू द्यावा, पण मोजून

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात श्वसनविकार विभागाच्या वतीने करण्यात आलेल्या भाषणाचे शब्दांकन)





विभागाच्या कामाची आकडेवारी अहवालात अन्यत्र दिलेली आहे. तिची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. त्याऐवजी आम्हांला वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्ही ठरविले आहे. प्रश्न असा : “डॉक्टर, आमच्या माणसाला एवढी धाप लागली आहे आणि प्राणवायू तर भिंतीतून हवा तेवढा येतो आहे. मग तुम्ही तो आणखी का सोडत नाही?” हा प्रश्न कळवळ्यातून येतो, हे आम्ही जाणतो. परंतु रात्रपाळीच्या परिचारिकेची पाठ वळताच याच कळवळ्यापोटी कुणीतरी फ्लोमीटरचा नॉब स्वतःच्या हाताने फिरवितो, आणि मग पहाटे रुग्ण हाक मारूनही डोळे उघडीत नाही, असे प्रसंग रुग्णालयांत घडतात. म्हणून हे उत्तर केवळ माहितीसाठी नाही.

आपल्या भाषेने एका वायूला ‘प्राण’ हे नाव दिले. दुसरा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याला आपण टाकाऊ, दूषित मानले. एक जीवनदाता, दुसरा त्याज्य, अशी आपल्या मनाची वाटणी झालेली आहे. ती निम्मीच खरी आहे. श्वसनाचा व्यवहार या दोन वायूंच्या समतोलावर चालतो, आणि श्वासाची गती ठरविण्याचा पहिला मान तर कर्बवायूचा आहे. एवढे एक सूत्र आज आपण घरी घेऊन जावे, अशी आमची इच्छा आहे.

श्वास आणि श्वसन

श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणे व बाहेर सोडणे. ते काम छातीचे. श्वसन मात्र शरीरातील प्रत्येक पेशीत चालते. अन्नातून मिळालेल्या ग्लुकोजच्या एका रेणूसाठी पेशी प्राणवायूचे सहा रेणू वापरते. त्यातून कर्बवायूचे सहा व पाण्याचे सहा रेणू तयार होतात आणि मोकळी झालेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंत साठविली जाते. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे तीस रेणू मिळतात. नसेल तर अवघे दोन. मेंदूच्या पेशींना हा तोटा चार-पाच मिनिटांहून अधिक सोसवत नाही.

हे सारे ज्वलनासारखेच आहे, हे ओळखण्याचे श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हॉझिए यांच्याकडे जाते. १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी प्राणवायू वेगळा केला होता. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात लव्हॉझिए व लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून त्याच्या उबेने किती बर्फ वितळतो व तो किती कर्बवायू सोडतो, हे मोजले. कोळसा जाळून तेवढाच कर्बवायू तयार केला, तेव्हा मिळालेली उष्णता जवळजवळ तेवढीच भरली. श्वसन म्हणजे मंद ज्वलन होय, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

आता आपल्या शरीराचा हिशेब पाहू. योगग्रंथांत माणसाचे दिवसाचे श्वास २१,६०० असे सांगितलेले आढळतात. मिनिटाला १५ श्वास धरले तर गणित बरोबर तेवढेच येते. स्वस्थ पडून असलेल्या प्रौढ माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते आणि सुमारे २०० मिलिलिटर कर्बवायू बाहेर टाकते. दिवसाकाठी हा प्राणवायू साधारण ३६० लिटर होतो. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू २१ टक्के व कर्बवायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. सोडतो त्या हवेत प्राणवायू सुमारे १६ टक्के आणि कर्बवायू चार-पाच टक्के असतो. म्हणजे उच्छ्वासातही पुष्कळ प्राणवायू शिल्लक राहतो. म्हणूनच बुडालेल्याला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो.

सर्व सजीवांचा एकच व्यवहार

हा व्यवहार केवळ माणसाचा नाही. वडापिंपळापासून मुठीतल्या ज्वारीच्या दाण्यापर्यंत सर्व सजीव श्वसन करतात. पूर्वी आपल्याकडे ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवीत. दाणा जिवंत असतो. तो, त्यातले किडे आणि बुरशी मिळून बंद पेवातला प्राणवायू वापरून टाकतात व कर्बवायू साठत जातो. किडीचा जोर ओसरतो आणि धान्य टिकते, हा त्याचा लाभ. परंतु त्याच कारणाने पेव उघडताच आत उतरणे जिवावर बेतत असे. म्हणून जाणती माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत आणि कंदील आत सोडून पाहत. कंदील विझला तर कुणी उतरत नसे. हवेतील दोन्ही वायूंचा तोल पाहण्याची ही साधी कसोटी होती. ती पुरेशी भरवशाची मात्र नाही. कंदील जळत असला तरी आतली हवा सुरक्षित आहे असे समजू नये.

येथेच दोन गैरसमज दूर करणे योग्य होईल. रुग्णाच्या खोलीत कुंडी ठेवली तर रात्री ती प्राणवायू ओढून घेईल, अशी भीती अनेकांना वाटते. वनस्पती रात्री श्वसन करतात हे खरे. पण कुंडीतल्या रोपाला लागणारा प्राणवायू इतका अल्प असतो की खोलीत बसलेला एक पाहुणा त्याहून कितीतरी अधिक वापरतो. उलट, पिंपळ रात्रंदिवस प्राणवायू देतो असेही सांगितले जाते. वनस्पती प्राणवायू बाहेर टाकतात तो प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला प्रकाश लागतो. हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्येच दाखवून दिले. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच कर्बवायू सोडतो. त्याच्या दिवसाच्या सावलीचे पुण्य मात्र याने उणे होत नाही.

फुप्फुसापासून पेशीपर्यंत

आपल्या दोन फुप्फुसांत मिळून तीस कोटींहून अधिक वायुकोश आहेत. ते उलगडून पसरले तर साधारण सत्तर चौरस मीटर, म्हणजे एका छोट्या सदनिकेएवढी जागा व्यापतील. त्यांची भिंत एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. तिच्यातून प्राणवायू रक्तात उतरतो व कर्बवायू बाहेर येतो. तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायूला उचलून नेते. कर्बवायूचा बहुतांश भाग, सुमारे सत्तर टक्के, बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तात वाहून नेला जातो आणि जाता जाता रक्ताची आम्लता सांभाळतो.

येथे एक सुंदर योजना दिसते. हिमोग्लोबिनने उचललेला प्राणवायू नेमका कुठे उतरवावयाचा, हे त्याला कोण सांगते? १९०४ मध्ये डेन्मार्कमधील ख्रिश्चन बोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर दिले. जिथे कर्बवायू अधिक, तिथे हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड सैल होते. जो स्नायू अधिक राबतो तो अधिक कर्बवायू सोडतो, आणि म्हणून त्यालाच अधिक प्राणवायू मिळतो. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, तोच गरजवंताचे दार दाखवितो.

श्वासाची गती कोण ठरवितो?

आपण श्वास रोखून धरला की काही वेळाने तो घेतल्यावाचून राहवत नाही. पुष्कळांना वाटते की प्राणवायू संपला म्हणून जीव कासावीस झाला. वस्तुतः त्या क्षणी रक्तात प्राणवायू बऱ्यापैकी असतो. साठत गेलेला कर्बवायू मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला हलवितो. १९०५ मध्ये इंग्लंडमधील जॉन स्कॉट हाल्डेन व त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले की वायुकोशांतील कर्बवायू केवळ ०.२ टक्क्याने वाढला तरी श्वासाने आत-बाहेर होणारी हवा जवळजवळ दुप्पट होते. प्राणवायूच्या कमतरतेची जाणीव करून देणारी सूक्ष्म यंत्रणा मानेतील रोहिणीपाशी आहे. पण कमतरता बरीच झाल्यावरच ती मोठ्याने ओरडते.

याचा प्रत्यय दोन ठिकाणी येतो. पहिला आपल्या गावच्या विहिरीत. बुडी मारून अधिक वेळ राहता यावे म्हणून काही मुले आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण कर्बवायू मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली प्राणवायू संपत आला तरी ‘वर ये’ असे सांगणारी घंटा वाजत नाही आणि मुलगा शुद्ध हरपतो. पोहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे अवश्य सांगून ठेवावे.

दुसरा प्रत्यय आपण सर्वांनी २०२० व २०२१ मध्ये घेतला. कोविडचे काही रुग्ण रक्तातला प्राणवायू धोकादायक पातळीला उतरला असतानाही शांतपणे फोनवर बोलत असत. त्यांच्या घरचे म्हणत, “त्यांना तर धापही नाही.” त्यामागे एक महत्त्वाचे कारण हे होते की त्यांचा कर्बवायू वाढलेला नव्हता, त्यामुळे धापेची घंटा वाजली नाही. बोटाला लावावयाच्या पल्स ऑक्सिमीटरने तेव्हा जे दाखविले ते डोळ्यांना दिसत नव्हते. या उपकरणामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यांचे निधन २०२० च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या शोधाची जगाला सर्वाधिक गरज असताना झाले.

अधिक तेवढे चांगले नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणारे पुरुष आणि आयुष्यभर चुलीपुढे शेणी-लाकडांचा धूर गिळलेल्या माताभगिनी, यांच्यापैकी अनेकांना सीओपीडी हा विकार जडतो. श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात आणि कर्बवायू पुरता बाहेर पडत नाही. काही रुग्णांत तो वर्षानुवर्षे साठलेलाच राहतो. अशा रुग्णाला भरमसाट प्राणवायू दिला तर कर्बवायू आणखी चढू शकतो. त्याची कारणे तीन. एक, श्वसनकेंद्राची प्रेरणा काहीशी मंदावते. दोन, फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट खेळत नाही तिकडे शरीराने विचारपूर्वक कमी केलेला रक्तपुरवठा पुन्हा वाढतो. तीन, प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आपल्याजवळचा कर्बवायू रक्तात सोडून देते. या तिसऱ्या परिणामाला हाल्डेन यांचेच नाव आहे. वाढलेला कर्बवायू रक्त आम्लधर्मी करतो. रुग्णाचे डोके दुखते, हात थरथरतात, तो गुंगीत जातो आणि पुढे बेशुद्ध होतो. नातेवाइकांना मात्र वाटते, ‘बरे झाले, शांत झोप लागली.’

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे याची पद्धतशीर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सीओपीडीचा झटका आल्याचा संशय असलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना रुग्णवाहिकेत मोठ्या प्रवाहाने, तर काहींना रक्तातील पातळी पाहून बेताने प्राणवायू दिला गेला. पहिल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले. दुसऱ्या गटात ४ टक्के. वायू तोच होता. फरक मोजण्याचा होता.

म्हणून बहुतेक अत्यवस्थ रुग्णांत आम्ही ऑक्सिमीटरवरील आकडा ९४ ते ९८ च्या दरम्यान राखतो. परंतु कर्बवायू साठण्याचा धोका असलेल्यांत तो ८८ ते ९२ एवढाच ठेवतो. आपल्या आईच्या खाटेशेजारी ९० हा आकडा दिसला, तर ती हेळसांड आहे असे कृपया समजू नये. तिच्यासाठी तीच योग्य मात्रा असू शकते.

अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा इतिहास तर अधिक बोलका आहे. १९४० च्या दशकात प्रगत देशांतील रुग्णालयांनी अशा बाळांना काचपेटीत मुक्तहस्ते प्राणवायू दिला. त्यानंतर अनेक बाळांची दृष्टी गेली. जगभरात सुमारे १० हजार मुले अंध झाल्याचा अंदाज आहे. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविले आणि १९५३-५४ मधील अमेरिकेतील चाचणीने ते सिद्ध झाले. मग सर्वत्र प्राणवायू फार कमी केला गेला, तेव्हा डोळे वाचले, पण बाळांचे मृत्यू वाढले. अति वाईट तसे उणेही वाईट, हा धडा असा दोनदा शिकावा लागला.

आप्तेष्टांस विनंती

वरील विवेचनावरून प्राणवायूची भीती धरावी, असा अर्थ कुणी काढू नये. ‘प्राणवायू लावला म्हणजे आता शेवट’ ही समजूत तितकीच घातक आहे. ज्याला तो हवा त्याला तो तत्काळ मिळालाच पाहिजे. प्राणवायूची उणीव कर्बवायूच्या वाढीपेक्षा लवकर मारते. आमची विनंती एवढीच. नॉबला हात लावू नये; आकडा उतरला किंवा रुग्ण अस्वस्थ वाटला तर परिचारिकेस त्वरित बोलवावे. सीओपीडीचा रुग्ण अवेळी फार झोपाळू झाला, असंबद्ध बोलू लागला, तर ती विश्रांती न समजता लगेच कळवावे. बोटाला नखपॉलिश असेल किंवा हात गार असेल तर यंत्र चुकू शकते, हे ध्यानात ठेवावे. खाटेपाशी उदबत्ती, निरांजन वा काडेपेटी कदापि आणू नये. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा वणवा करतो. आणि ज्यांना डॉक्टरांनी घरी यंत्रावर प्राणवायू घेण्यास सांगितले आहे, त्यांनी लिहून दिलेला प्रवाह व तास औषधाच्या गोळीप्रमाणेच पाळावेत.

देणगीदारांच्या चरणी निवेदन

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशभर प्राणवायूसाठी जो आकांत झाला, तो आपण विसरलेलो नाही. त्या काळात व त्यानंतर समाजाने रुग्णालयांना सिलिंडर दिले, घरगुती यंत्रे दिली, हवेतून नायट्रोजन वेगळा करून सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू देणारे प्रकल्प उभे करून दिले. या दातृत्वापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु आज एक गोष्ट नम्रपणे मांडावीशी वाटते.

मोठ्या सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर या प्रवाहाने तो बारा तासांच्या आत संपतो. त्या काळात रुग्णाचे शरीर मिनिटाला पाव लिटरच्या आसपास प्राणवायू वापरत असते. उरलेला बहुतांश वायू खोलीतल्या हवेत जातो. ज्या रुग्णाला २ लिटर पुरेसे आहेत त्याला मोजून २ दिले, तर त्याचा जीव सुरक्षित राहतो आणि तेच सिलिंडर पाचपट वेळ चालते. मोजणे हीच मोठी बचत आहे.

मोजण्यासाठी मात्र साधने लागतात, आणि ती देणगीच्या फलकावर फारशी दिसत नाहीत. ऑक्सिमीटर प्राणवायू दाखवितो. कर्बवायू दाखवीत नाही. त्यासाठी धमनीतील रक्त तपासणारे यंत्र हवे, आणि त्या यंत्राला सतत लागणारी रसायने व देखभाल हवी. साठलेला कर्बवायू बाहेर काढण्यास मदत करणारे, मुखवट्याने लावावयाचे बायपॅप यंत्र हवे. त्यामुळे कित्येकांच्या घशात नळी घालण्याची वेळ टळते. अचूक फ्लोमीटर हवेत. उभारलेल्या प्रकल्पाची नियमित दुरुस्ती हवी. आणि या सर्वांहून अधिक, रात्री तीन वाजता आकडा वाचून नॉब योग्य त्या दिशेला फिरविणारी प्रशिक्षित परिचारिका हवी. तिचे प्रशिक्षण व तिचे वेतन हेही प्राणवायूचेच दान आहे, असे आपण मानावे. सिलिंडरावर दात्याचे नाव लिहिता येते, परिचारिकेच्या जागरणावर ते लिहिता येत नाही. पण श्वास वाचतो तो त्या जागरणाने.

विश्वस्त मंडळासही आमची प्रार्थना आहे की प्राणवायूची तरतूद करताना मोजमापाची तरतूद त्याच ओळीत, त्याच प्राधान्याने करावी.

घेणे आणि सोडणे यांचा मेळ बसला तरच श्वास चालतो. केवळ घेत राहिल्याने कुणी जगत नाही, हे शरीर आपल्याला दिवसातून २१,६०० वेळा सांगते. आपण आजवर या रुग्णालयास दिलेत, आणि ते आम्ही रुग्णांपर्यंत पोहोचविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. तो योग्य मापाने पोहोचत राहावा यासाठी आपला लोभ व आपले लक्ष असेच राहू द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.